आत्या, पाय कशानं धरून राहतील?

शाळेत आम्ही बाई तुम्हांला प्रश्न विचारतो आणि उत्तर चुकलं की लाल रेघ ओढतो. आज उलटं करू या. आज एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न सांगते आणि माझ्याच उत्तराखाली लाल रेघ ओढते.

माझा दादा भाजीची रोपं तयार करतो. मिरची, वांगी, टोमॅटो! रोपांचे ट्रे जीपमध्ये भरायचे, आठवडे बाजाराला न्यायचे आणि गाडीच्या कडेला मांडून विकायचे. मे महिन्यात अकरा वाजले की ती नाजूक रोपं माना टाकायची. मोठी छत्री लावून पाहिली, पण तिच्या सावलीत चारच ट्रे मावायचे. दादाची मुलगी चिमणी (हे तिचं घरातलं नाव, यंदा ती सहावीत गेली) सुट्टीत बापाबरोबर बसायची आणि संध्याकाळी डोकं धरून घरी यायची.

म्हणून आम्ही ठरवलं, जीपलाच घडीचा मांडव बसवायचा. जाताना गुंडाळलेला, बाजारात उलगडलेला!

जीपच्या टपावर सामान ठेवायचं लोखंडी कॅरिअर होतंच. पहिलं काम त्याची परीक्षा घेण्याचं. दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, तर एक कोपरा खुळखुळला! आधी ते नट पान्यानं आवळले. ज्याच्यावर भार टाकायचा, तोच ढिला असून कसं चालेल?

मग अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असं जाड कॅनव्हास घेतलं. त्याच्या दोन्ही लांब कडांना शिंप्याकडून नेफा शिवून घेतला, आपल्या लेंग्याला असतो तसा. प्रत्येक नेफ्यात एक पाइप घातला. एक पाइप कॅरिअरच्या डाव्या कडेला तीन यू-बोल्टनी बसवला. पाइप घसरू नये म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. नटाखाली वॉशर आणि नट नायलॉनची कडी असलेले घेतले. साधा नट गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो, या कडीमुळे तो जागचा सहसा हलत नाही. बाहेरच्या पाइपाला दोन पाय केले. गुंडाळी बांधायला तीन पट्टे. झाला मांडव!

आदल्या संध्याकाळी अंगणात उलगडून पाहिला. सगळे खूश. चिमणी मात्र पायांकडे बघत उभी.

"आत्या, हे पाय कशानं धरून राहतील?"

"अगं, लोखंडी पाइप आहेत. वजन काय कमी आहे त्यांचं?" मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाजारात दोन वाजेपर्यंत सगळं झकास. रोपं ताजी, गिऱ्हाईकही सावलीला थांबणारं. मग मैदानाच्या टोकाला धूळ गोल फिरताना दिसली. वावटळ! कॅनव्हास पोटासारखं फुगलं, पाय जमिनीवरून उचलले गेले आणि बाहेरचा पाइप टपावरून उलटा होऊन पलीकडे धाडकन पडला. पलीकडच्या बाजूला एक पालथी बादली होती. चिमणी त्याच बादलीवर बसून हिशेब लिहीत होती आणि नुकतीच पाणी आणायला उठली होती.

बादली चेपली. तीन ट्रे मातीत गेले. पाणी घेऊन आलेली चिमणी काहीच बोलली नाही. मला तर तिच्याकडे बघवेना.

रात्री आम्ही दोघींनी हिशेब मांडला. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आडवा बसला तर ढोबळमानानं चौरस मीटरला ६ किलो वजनाएवढा जोर लावतो. आमचं कापड ५ चौरस मीटर, म्हणजे ३० किलो! आमचे पाइप सगळे मिळून सात-आठ किलोंचे. आणखी ऐका. वारा दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे १२० किलो. आता सांगा, "वजन काय कमी आहे" या उत्तराला किती गुण द्याल?

पुढच्या बाजारापूर्वी प्रत्येक पायाला दोन-दोन तणावे बांधले. तणावे तिरके बाहेर ओढून मेखांना अडकवले. मेख ठोकताना तिचं डोकं मांडवापासून दूर कललेलं हवं, म्हणजे ओढ बसली तरी ती सहज निघत नाही. जमीन कडक असेल तिथे वाळूची भरलेली पोती. शिवाय चिमणीनं एक नियम केला : कापड फडफडायला लागलं की मांडव गुंडाळायचा, गिऱ्हाईक असलं तरी. उघड्या मांडवानं गाडी एक पाऊलही हलवायची नाही, हेही तिचंच.

पावसासाठी एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड ठेवला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मग आमच्या कापडावर १० मिलिमीटर पाऊस पडून सगळा साचला तर किती किलो? करा पाहू गणित!

सावलीची युक्तीही चिमणीचीच. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे, म्हणून जीपचं तोंड दक्षिणेला करायचं. मग डावी बाजू पूर्वेला येते, आणि मांडवाच्या सावलीला जीपची सावली जोडून मिळते. तुम्हीही अंगणात एक काठी उभी करा आणि दहा, बारा व तीन वाजता तिची सावली मोजून वहीत लिहा.

ती चेपलेली बादली दादानं फेकली नाही. तिच्यात आता मेखा ठेवतो. आणि माझ्या वर्गात कुणी "पण बाई..." म्हणालं, की मी खडू खाली ठेवते.