सफेद मुसळी: लागवड वाढली, वनस्पती वाचली का?
वाशिम-रिसोड पट्ट्यात तुम्ही हळद घेत असाल, तर बेण्यावरच्या पिकाची अडचण तुम्हाला माहीत आहे. सगळी रोपे एकसारखी असली, की एका रोपाला लागणारा रोग सगळ्या प्लॉटला लागू शकतो. सफेद मुसळीचेही तसेच आहे.

बोरिवलीवरून शास्त्रीय नाव पडलेली ही वनस्पती अति खोदाईमुळे जंगलात दुर्मीळ झाली. शेतात लागवड वाढली म्हणजे ती वाचली, असे आपण धरून चालतो. पण लागवड चकतीसह मुळांपासून होते. त्यामुळे दहा एकरांतली झाडे एकाच झाडाची नक्कलही असू शकतात!

हे नुसते पाहून कळत नाही. कोणत्या दोन ठिकाणांची मुसळी खरोखर वेगळी आहे आणि आधी कोणती जपायची, हे पानाच्या डीएनए तपासणीतून समजते. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. मात्र नमुना मूळचा कुठला, हे ठाऊक नसेल तर तपासणीचा अर्थ लावता येत नाही. ती माहिती तुमच्याकडेच असते.

म्हणून बेणे कोणत्या गावचे, कोणत्या वर्षी आणले ते लिहून ठेवा. दोन ठिकाणचे बेणे मिसळू नका. जंगलातून मुळे खणून आणू नका. थोड्या झाडांचे बी धरा. उगवण कमी होते, पण नवे वेगळेपण बियांतूनच येते. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी या नोंदी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत घालून घ्याव्यात.