सव्यसाचित्वाचा हव्यास

दोन्ही हातांना सारखेच शिक्षण द्यावे, हा विचार नवा नाही. महाभारतात अर्जुनाला 'सव्यसाची' म्हटले आहे, ते दोन्ही हातांनी धनुष्य चालविण्याच्या कौशल्यामुळे. लंडनमध्ये १९०३ साली जॉन जॅक्सन यांनी याच ध्येयासाठी संस्था स्थापन केली आणि त्यांच्या ग्रंथाला बालवीर चळवळीचे प्रणेते बेडन-पॉवेल यांनी प्रस्तावना लिहिली. डावा हात राबविला की मेंदूचा सुप्त उजवा अर्ध जागा होईल, अशी या मंडळींची आशा होती. जेम्स क्रिक्टन-ब्राउन या मनोविकारतज्ज्ञांनी १९०७ मध्येच तिला विरोध केला. हाताचा कल मेंदूच्या रचनेतून येतो, तो कवायतीने पुसता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधनाने कौल दिला तो त्यांच्याच बाजूने. मेंदूचा कोणताही अर्ध निद्रिस्त नसतो.

तरीही हे आकर्षण ओसरलेले नाही. मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यातील एका शाळेत मुले दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, याचे कौतुक वृत्तपत्रांतून वारंवार झाले. त्या मुलांची चिकाटी निःसंशय वाखाणण्याजोगी आहे. परंतु कौशल्य वेगळे आणि बुद्धिवर्धन वेगळे, याचे भान पालकांनी सोडता कामा नये.

शरीराच्या बाबतीत मात्र समतोलाचा आग्रह सर्वस्वी योग्य आहे. सूर्यनमस्कारात एकदा उजवा, एकदा डावा पाय मागे नेण्याची, आखाड्यात मुद्गलांची जोडी फिरविण्याची रीत उगीच पडलेली नाही. वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यातील चीर बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस आढळते. एकांगी श्रमांची ही किंमत होय. एका हाताच्या व्यायामाने दुसऱ्याचीही शक्ती काही अंशी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसून आले होते. हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या रुग्णांना या ज्ञानाचा आज उपयोग होतो. उजवा हात थकल्यावर गांधीजींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य'ची सुमारे चाळीस पाने डाव्या हाताने लिहिली, तीही गरजेपोटी. चमत्कार दाखविण्यासाठी नव्हे.

खरा प्रश्न आहे तो डावखुऱ्या मुलांचा. दर दहा माणसांमागे साधारण एक डावखुरा असतो. तरीही डाव्या हाताने घास घेतला, प्रसादासाठी तो हात पुढे केला की मुलाला दटावले जाते. पेन्सिल सक्तीने उजव्या हातात दिली जाते. समतोलाच्या नावाखाली चालणारी ही सक्ती नेहमी एकाच दिशेने वाहते. उजव्या मुलाला डाव्या हाताने लिहावयास लावणारी घरे किती आढळतील? गोलंदाजांना सतावणारा सचिन तेंडुलकर उजव्या हाताने खेळला आणि डाव्या हाताने लिहितो. निसर्गाने केलेल्या या वाटणीने त्याचे काही बिघडले नाही.

तेव्हा व्यायामशाळेत दोन्ही बाजूंना सारखे राबवावे, लेखणी मात्र मुलाच्या स्वाभाविक हाती राहू द्यावी. शाळांनी डावखुऱ्यांसाठी सोयीची बाके आणि कात्र्या ठेवाव्यात. डाव्या-उजव्याचा भेद मुलांच्या हातांत नसून मोठ्यांच्या मनात आहे. सुधारणेला प्रारंभ तेथूनच झाला पाहिजे.