सीडी४ चा बल्ब बर्फात घालू नका

जुन्या जालन्यातल्या लॅबचालकांची या महिन्यातली पत्रे एकाच तक्रारीची आहेत. सीडी४ साठी बाहेरगावी पाठवलेला नमुना 'तापमान अमान्य' असा शेरा घेऊन परत आला. बल्ब ईडीटीएचा, रक्त त्याच सकाळचे, डबा २२ अंशांवर. म्हणजे सगळे बरोबर. पण स्वीकृती अर्जावर तापमानाचा रकाना एकच, २ ते ८ अंश, सीरमसाठी छापलेला. त्यात न बसणारे परत. मग पुढच्या खेपेला तंत्रज्ञ निमूटपणे आईसपॅक घालतो, नमुना स्वीकारला जातो आणि भरवशाचा नसलेला आकडा सहीशिक्क्यासह रुग्णाच्या फाइलला लागतो. हे संतापजनक आहे.

आपण जिवंत पेशींवरची प्रथिने मोजतो. गारठ्याने रंगणे बिघडते. उलट मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्या पिशवीत पेशी मरतात आणि मेलेली पेशी नको ती अँटिबॉडी चिकटवून घेते. १८ ते २५ अंश आणि किटवर दिलेली मुदत, एवढेच पाळायचे आहे. त्यासाठी अर्जावर दुसरा रकाना छापायला किती वर्षे लागतात?

२०१७ पासून सीडी४ न पाहता एचआयव्हीच्या सर्व रुग्णांना एआरटी मिळते, म्हणून ही तपासणी आता दुय्यम, असे उत्तर मिळते. ते चूक आहे. २०० च्या खाली गेलेला रुग्ण याच आकड्यावरून कळतो. क्रिप्टोकॉकस आणि टीबीचा शोध कुणात तातडीने घ्यायचा, ते त्यावर ठरते.

आणि आपल्यातल्याही काही लॅब अजून नुसता सीडी४ छापतात. मोनोसाइटवरही सीडी४ असते. सोबत सीडी३ दिसल्याशिवाय ती पेशी मोजू नका. सीडी४ आणि सीडी८ ची बेरीज सीडी३ च्या जवळ आलीच पाहिजे. कमी भरली तर गॅमा-डेल्टा पेशी आठवा. जास्त भरली तर गेटमध्ये फिक्या सीडी८ च्या एनके पेशी शिरल्या का, दुहेरी पॉझिटिव्ह दोनदा मोजल्या का, ते पाहा. याला नवे यंत्र लागत नाही. सही करण्याआधी डॉट प्लॉट उघडावा लागतो, तोच उघडला जात नाही.

सभासदांनो, नाकारलेल्या नमुन्यांच्या पावत्या रुग्णाचे नाव खोडून आमच्याकडे पाठवा. डबा निघाल्याची वेळ आणि तापमान त्यावर लिहा. त्या एकत्र करून आम्ही आरोग्य उपसंचालकांकडे देऊ. तोवर आईसपॅक घालू नका. नमुना नाकारला तर कारण लेखी मागा.