नाण्याचे रूप आणि गरिबाचा बटवा

चलनावर यापुढे कोणाचे चित्र असावे, हा प्रश्न या देशात अधूनमधून उफाळून येतो आणि दर वेळी तो देवदेवता, महापुरुष व अस्मिता यांच्या आखाड्यात जाऊन पडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर लक्ष्मी-गणपतीच्या प्रतिमा छापण्याची मागणी केली. लगोलग इतरांनी आपापली नावे पुढे केली. त्यापूर्वी २००४ नंतरच्या एक व दोन रुपयांच्या नाण्यांवरील छेदणाऱ्या रेषांना सरकार 'विविधतेतील एकता' म्हणत होते, तर काहींना त्यात क्रूस दिसत होता. वैष्णोदेवीच्या नाण्याविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त भारतमातेची प्रतिमा असलेले शंभर रुपयांचे नाणे पंतप्रधानांच्या हस्ते निघाले. ते स्मारक-नाणे आहे, भाजीवाल्याच्या गल्ल्यात ते यायचे नाही. पण या साऱ्या कोलाहलात एक गोष्ट सहज विसरली जाते. रोजच्या व्यवहारातले नाणे ज्याच्या हातातून दिवसाकाठी शंभरदा जाते, त्या माणसाला ते ओळखता येते काय?

नाणे हे आधी बोटांनी वाचायचे असते. कोळीण ओल्या हाताने बटव्यातून मोड काढते, बसचा वाहक गर्दीत उभ्या उभ्या पिशवी चाचपतो, अंध विक्रेता तर केवळ बोटांवरच विसंबतो. पूर्वीच्या टांकसाळींना हे कळत होते. १९४३ साली युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा निघाला. हेतू काटकसरीचा होता, पण अंधारातही तो पैसा ओळखू येई. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती आली, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि आणे-पैचा हिशेब बोटांवर करणारी पिढी गोंधळली. तरीही व्यवहार कोलमडला नाही. याचे थोडे श्रेय त्या नाण्यांच्या आकारांना द्यावे लागेल. पाच पैशांचे नाणे चौकोनी, दोन व दहा पैशांच्या नाण्यांच्या कडा पाकळ्यांसारख्या, पुढे आलेले तीन पैशांचे षट्कोनी. वीस पैसेही १९८२ पासून षट्कोनी ॲल्युमिनियमचे झाले आणि दोन रुपयांच्या नाण्याला अकरा बाजू होत्या. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तेव्हा कोणी सहज फसवू शकत नसे.

पोलादी नाण्यांच्या काळात ही समज हरपत गेली. २००७ मध्ये नृत्यमुद्रांची मालिका आली. रुपयावर एक अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. निरक्षराला आकडा न वाचता किंमत कळावी, ही कल्पना चांगली होती. पण ती डोळ्यांसाठी होती. हाताला लागत होत्या त्या दोन गोल, गुळगुळीत पोलादी चकत्या, व्यासात अवघा दोन मिलिमीटरचा फरक असलेल्या. २०११ मध्ये रुपयाचे नवे चिन्ह घेऊन आणखी एक मालिका आली. तिच्यातील दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे. जुना पोलादी रुपयाही नेमका २५ मिलिमीटरचा व ४.८५ ग्रॅमचाच होता, आणि तो चलनातून काढून घेतलेला नव्हता. म्हणजे एका रुपयात व दोन रुपयांत हाताला काडीचाही फरक राहिला नाही. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी दोन्ही नाणी एका मुठीत घेऊन डोळे मिटून पाहिले नसावेत.

७ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांनी अंध मुलांच्या उपस्थितीत नवी मालिका प्रकाशित केली. तिच्या बाजूने जे बोलायचे ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. किंमत वाढेल तसा आकार व वजन वाढावे, हे तत्त्व तिच्यात प्रथमच सरळपणे स्वीकारलेले दिसते. वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू आहेत आणि दहाच्या नाण्याइतकाच व्यास असूनही ते निराळे लागते. नाण्यांवर धान्याची नक्षी आहे, तीही योग्यच. परंतु मालिका कागदावर स्वतंत्र असते, बटव्यात नसते. नवे पाच रुपये २५ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे जुन्या रुपयाइतके व २०११ च्या दोन रुपयांइतके. नवे दोन रुपये २३ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे जुन्या पाच रुपयांइतके. जाडी, धातू आणि कडा यांचा काही भेद उरतो, पण एकच व्यास एक, दोन आणि पाच रुपयांना लागू व्हावा हे कोणत्या हिशेबात बसते? जून २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह घेऊन पुन्हा एक संच आला.

रूपांच्या या सुकाळाची किंमत कोण मोजतो, हे दहा रुपयांच्या नाण्याने दाखवून दिले. अनेक ठिकाणी दुकानदार आणि रिक्षावाले हे नाणे खोटे म्हणून परत करू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाच्या नाण्याची तोवर निघालेली चौदाही रूपे वैध आहेत. एकाच किमतीची चौदा रूपे! बँकेचे पत्रक वाचणाऱ्याच्या खिशात फोन असतो आणि फोनवरून पैसे जातात. नाणे नाकारले जाते ते दिवसभराची कमाई सुट्ट्या पैशांत मोजणाऱ्या बाईचे. मुंबईत मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे दहा रुपये झाले आहे. तेव्हा हे नाणे आता तिकिटाचे नाणे आहे आणि त्याविषयीचा संशय हा कामावर जाणाऱ्याच्या वाटेतला खोळंबा आहे.

चित्राचा प्रश्न क्षुल्लक आहे असे नाही. १९५० मध्ये प्रजासत्ताकाने राजाचा मुखवटा काढून अशोकस्तंभाचे सिंह आणले आणि रुपयावर वाघाऐवजी गव्हाच्या लोंब्या आल्या, तो एक राजकीय निर्णय होता आणि सुंदर निर्णय होता. त्यानंतर घोषणांचा मोह सुटला. १९७४ च्या दहा पैशांवर 'नियोजित परिवार, सबके लिए अन्न' असे कोरले होते. पुढच्या वर्षी आणीबाणी आली आणि तिच्या काळात कुटुंबनियोजन कोणत्या मार्गाने झाले हे सांगायला नको. व्यक्तिचित्रांचेही तसेच. ज्या जयप्रकाशांना २६ जून १९७५ रोजी पहाटे अटक झाली, त्यांच्या जन्मशताब्दीला, २००२ मध्ये, रुपयावर त्यांची प्रतिमा आली. समाजवादी कार्यकर्त्यांना तेव्हा आनंद झाला असेल, पण आपल्या पुढाऱ्यासाठी जे गोड वाटते तेच दुसऱ्याच्या पुढाऱ्यासाठी नाकारायचे, ही भूमिका टिकणारी नाही. छत्रपतींची प्रतिमा चलनावर हवी म्हणणाऱ्यांनी जुनी शिवराई एकदा हातात घेऊन पाहावी. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. चित्र कोठेही नाही. आणि ती शिवराई पेशवाई संपल्यानंतरही दख्खनच्या बाजारात चालत राहिली.

नाण्याचे रूप ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे; रिझर्व्ह बँक वाटपाचे काम करते. लोकांना नवे रूप कळते ते राजपत्रातून, तेव्हा बोलण्यासारखे फारसे उरलेले नसते. आयर्लंडने स्वतंत्र झाल्यावर निराळी वाट धरली होती. १९२६ मध्ये तेथे एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष कवी येट्स होते, रवींद्रनाथांच्या इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिणारे. आधुनिक व्यक्तीचे मुखचित्र नको, एवढे सरकारने बजावले होते. समितीने घोडा, बैल, कोंबडी, डुक्कर, सामन मासा अशी शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या ओळखीची चित्रे निवडली. नाण्यांवर संत नाहीत म्हणून धार्मिक मंडळी संतापली. पण १९२८ मध्ये ती नाणी चलनात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती आपली मानली. अर्थात ही समितीही मूठभर प्रतिष्ठितांचीच होती, त्यात खाटीक वा कोळी कोणी नव्हता.

पुढच्या नाण्यापूर्वी अर्थ मंत्रालयाकडे मागायचे ते इतकेच. प्रत्येक किमतीचा आकार, व्यास आणि कड एकदा ठरवून नियमाने किमान एका पिढीपुरती बांधावी. चित्र बदलायचेच तर त्या चौकटीत बदलावे. एकाच मापाची जुनी नाणी बँकांत येतील तशी परत चलनात सोडू नयेत. उत्सव आणि जयंत्यांसाठी संग्राहकांची नाणी आहेत, बाजारातल्या नाण्याला त्यातून मोकळे करावे. आणि साचा पक्का होण्यापूर्वी नमुने फेरीवाले, बसवाहक व अंध विक्रेते यांच्या हाती देऊन पाहावेत. फेरीवाल्यांच्या व परिवहन कामगारांच्या संघटनांनी अंधांच्या संस्थांना बरोबर घेऊन ही मागणी लावून धरली पाहिजे. मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. चाचणीसाठी अधिकाऱ्यांना फार लांब जावे लागणार नाही. थोडे चालले की फेरीवाल्यांची रांग आणि बसचा थांबा लागतो.