पोरांच्या पंक्तीतले पाहुणे

वाचकहो, दिवाळीत वाड्यातल्या पोरांनी चिखलमातीत हात माखून किल्ले करावेत आणि पहिले बक्षीस मात्र कुणा पेन्शनर इंजिनियराने न्यावे, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? ‘नियमात वयाची अट नव्हती,’ एवढ्यावर त्याला सोडाल? मी अमेरिकेत राहतो आणि नेमका हाच गुन्हा मी केला आहे. तेव्हा चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे.

रबराच्या पिळावर उडणारी चिमुकली विमाने बंद सभागृहात सोडायची, असा एक छंद इथे आहे. बाल्साच्या हलक्या काड्या आणि त्यांवर कांद्याच्या पापुद्र्याहूनही तलम आवरण. ज्याचे विमान जास्त वेळ तरंगेल, तो जिंकला. नवख्यांसाठी यात ‘ईझी-बी’ हा वर्ग निघाला. पंख फार तर १८ इंच लांब व ३ इंच रुंद. नावातच ‘सोपे’! पण मुरलेली मंडळी आत शिरली. काड्या तासून तासून त्यांनी सबंध विमान अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणले. ते वीस-वीस मिनिटे तरंगू लागले. पोराने नुसते हातात धरले तरी मोडावे! मग ‘पेनीप्लेन’ आले. रबर सोडून विमान जुन्या तांब्याच्या सेंटाएवढे, म्हणजे ३.१ ग्रॅम तरी भरलेच पाहिजे. तिथेही तेच. मग आणखी बंधने घालून ‘लिमिटेड पेनीप्लेन’ काढले. तिथेही आम्ही हजर!

अशाच एका शाळेतल्या सामन्यात माझे विमान आठ मिनिटे फिरले. शेजारी दहा वर्षांचा एक मुलगा होता. डिंकाचे गोळे दिसत होते, तरी त्याचे विमान दीड मिनिट उडाले आणि तो आनंदाने नाचला. निकाल लागल्यावर त्याने ते मुकाट्याने खोक्यात ठेवले. पुढच्या वर्षी तो आला नाही. तो कप माझ्या कपाटात आहे. त्याच्याकडे पाहायची मला लाज वाटते.

आमचे लोक म्हणतात, ‘आम्हांला पाहून मुले शिकतात.’ पाहून शिकतात, हे खरे. पण त्यासाठी त्यांचे बक्षीस कशाला हिरावायला हवे? दुसरे म्हणतात, ‘आम्ही नसलो तर वर्ग ओस पडेल.’ अहो, तो ओस का पडला, हे आधी स्वतःला विचारा! ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी ‘एफ-१-डी’चे जागतिक सामने आहेत. तिथे खुशाल पराक्रम गाजवावा.

माझे म्हणणे एवढेच : जाणत्यांनी नवख्यांच्या सामन्यात जरूर यावे, विमानही उडवावे, पण बक्षिसाबाहेर राहून. पोराशेजारी बसावे, रबराला पीळ कसा भरावा ते दाखवावे, मोडलेली काडी जोडून द्यावी. आज सभागृहात पांढरी डोकीच अधिक दिसतात. उद्या तीही नसतील, तेव्हा विमाने उडवणार कोण?

किल्ला पोरांचाच असू द्या. आपण फार तर मावळे रंगवून द्यावेत.