मापाचे पैसे घ्या, मगच होडीला भोक पाडा

आमच्या भागातील वेल्डर, सुतार आणि फिटर बांधवांच्या हातात हुनर नाही, असे कोणी म्हणेल तर आम्ही ते मान्य करणार नाही. पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यात ट्रॅक्टरची ट्रॉली, कूलर, कपाटे, दुकानांची शटरे हे सारे आमच्याच लोकांनी बनविलेले आहे. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. आमचा कारागीर वेल्डिंगचे पैसे घेतो, लोखंडाचे घेतो, पण माप घेण्याचे आणि वस्तू तपासून देण्याचे पैसे मागायला त्याला लाज वाटते. पैसे घेतले नाहीत की ते काम घाईत होते, नाही तर होतच नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. दर्जी कपड्याची ट्रायल घेतो तेव्हा गिऱ्हाइकाला त्याचा राग येत नाही, उलट भरवसा वाटतो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

हा विषय सुचला तो एका लहानशा कामावरून. पावसाळा संपल्यावर आमच्या शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात एक बारा फुटी फायबरची होडी आली. मालक शहरातला, गळाने मासे धरण्याचा शौकीन. त्याला होडीत चार फ्लाय रॉड ठेवण्यासाठी होल्डर बसवून हवे होते. मोबाईलवर एक चित्र होते. दुकानदाराने चित्राप्रमाणे चार नळ्या कापल्या, उभ्या वेल्ड केल्या, काठावर स्क्रूने आवळल्या. काम दिसायला झकास होते. गिऱ्हाईक आले, रॉड आत घालू लागले, आणि एकही रॉड नळीत बसेना.

कारण सोपे आहे, पण ठाऊक असावे लागते. नेहमीच्या गळाच्या काठीला रिळाच्या खाली हातभर दांडा असतो. तो दांडा नळीत उतरतो आणि काठी उभी राहते. फ्लाय रॉडची रचना याच्या उलट. तिचे रीळ मुठीच्याही खाली, अगदी शेवटच्या टोकाला असते. रिळाखाली दांडाच नाही, मग नळीत काय उतरणार? चित्र खरे होते, पण ते दुसऱ्या काठीच्या होल्डरचे होते. ‘चित्र दाखवा’ म्हणण्याऐवजी ‘रॉड घेऊन या’ असे म्हटले असते, तर दोन दिवसांची मजुरी वाचली असती.

हा शौक काही केवळ विलायती नाही. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची पैदास करून त्याची पिले निरनिराळ्या पाण्यांत सोडली गेली, आणि महाशीर म्हणजे गळवाल्यांचा लाडका मासा. आमच्याकडे पैनगंगेवर इसापूरचे मोठे पाणी आहे, पुसदजवळ पूसचे धरण आहे. तेथील मच्छीमार भाई जाळ्याने पोट भरतात, त्यांना या होल्डरचा उपयोग नाही, आणि धरणाच्या पाण्यात मासेमारीचा हक्क बहुधा त्यांच्या सहकारी संस्थांकडे असतो, हेही शौकिनांनी विसरू नये. परंतु असे एखादे गिऱ्हाईक दारात आलेच, तर त्याला परत पाठवावे किंवा भलतेच काही बनवून द्यावे, दोन्ही आम्हाला पटत नाही.

आता कामाकडे येऊ. फ्लाय रॉड साधारण नऊ फुटांचा, बहुधा चार तुकड्यांचा, कार्बनचा असतो. त्यात वजन गळाला नसते, दोरीला असते. गळ म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली माशी, वाऱ्यावर उडेल इतकी हलकी. ती दूर फेकण्यासाठी माणूस दोरी आधी डोक्यावरून मागे झुलवतो आणि मग पुढे सोडतो. म्हणजे त्याच्या पाठीमागे जे जे उभे असेल, त्यात दोरी अडकणारच. म्हणून या शौकिनाच्या होडीत उभे होल्डर मुळातच चूक. रॉड आडवे हवेत, काठाच्या आतल्या बाजूस, काठाच्या खाली. बोल्टाचे टोक, हुक, उघडी पट्टी असे काहीही वर डोकावता कामा नये. पायाशी पडलेली सैल दोरी नेमकी त्यालाच गुंडाळते.

उभ्या रॉडमध्ये दुसरा धोका जिवाचा आहे. कार्बनमधून वीज जाते. आमच्याकडे धरणाच्या काठाकाठाने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी पाण्याच्या कडेवर लोंबतातही. नऊ फुटी कार्बनची काठी होडीत उभी करून त्याखालून जाणे म्हणजे मृत्यूला हाक मारणे. ढग गडगडत असतानाही तेच. ‘उभेच बसवून द्या’ असा हट्ट गिऱ्हाइकाने धरला, तर कारागिराने हे त्याच्या तोंडावर सांगावे. काम गेले तर गेले.

आडव्या होल्डरचे दोन भाग. पुढे शेंड्यासाठी नळी, मागे मुठीसाठी खोबण. नळीला आपला शेतीचा चाळीस मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप पुरतो. दोरी ओवण्याच्या लहान कड्या त्यातून अडखळल्याशिवाय जातात. पाईपचे तोंड गरम करून रुंद करावे, जोडासाठी शेतकरी करतात तसेच, आणि कड कानसने गोल करावी. कार्बनला लागलेली बारीक खरचट दिसत नाही, पण पुढे मोठा मासा ओढताना काठी नेमकी तेथेच मोडते. नळी अडीच-तीन फुटांहून लांब नको, कारण रॉड काढताना तो तेवढाच मागे ओढावा लागतो आणि बारा फुटी होडीत जागा किती? पुढचे टोक उघडे ठेवावे किंवा खाली एक भोक पाडावे, म्हणजे पाणी साचत नाही. खोबण वरून उघडी हवी. दोन रॉडमध्ये पाच-सहा इंच अंतर ठेवावे, नाही तर रिळाला रीळ घासते. जागा कमी असेल तर एक खोबण थोडी पुढे, एक थोडी मागे.

खोबणीला अस्तर काय लावावे, याबाबत मात्र आम्ही अधिकाराने बोलू शकतो. हौसेने मखमल किंवा नमदा लावणारे आम्ही पाहिले आहेत. चार दिवस फार देखणे दिसते. मग ते पाणी पिऊन बसते, मुठीच्या बुचाला काळी बुरशी धरते आणि आतले लोखंड गंजते. सुती निवारीचीही तीच गत. येथे पाणी न पिणारे रबर किंवा बंद छिद्रांचा फोमच हवा, चपलेच्या तळव्याला वापरतात तसला. रॉड बांधायला पट्टा करायचा तर पॉलिस्टरचा, आणि शिवणही पॉलिस्टरच्या धाग्याची. सुती धागा कुजतो, नायलॉन उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो. घरी नेण्याची पिशवी मात्र खुशाल सुती शिवावी, कारण तेथे हवा खेळायला हवी. ओला रॉड बंद नळकांड्यात आठवडाभर ठेवला तर त्याच्या वॉर्निशला फोड येतात. आमच्या दर्जी बांधवांना यात लहानसे का होईना काम आहे.

आता बसविण्याचे. होडीला भोक पाडणे ही शेवटची गोष्ट, पहिली नव्हे. बसण्याच्या फळीला किंवा काठाला शिकंजा लावून काम भागत असेल तर तसेच करावे. भोक पाडायचेच असेल तर ते पाण्याच्या रेषेच्या चांगले वर असावे, आणि आत हवेचा कप्पा नाही याची खात्री करूनच. फायबरच्या होडीत बाकाखालच्या बंद पेट्या रिकाम्या वाटतात, पण होडीत पाणी भरले तर तिला तरंगत ठेवतात त्याच. पातळ फायबरमध्ये नुसता स्क्रू टिकत नाही, हिसक्याने निघून येतो. बोल्ट आरपार घ्यावा, मागे रुंद पट्टी किंवा मोठा वायसर द्यावा, नायलॉनचा लॉक नट लावावा आणि भोकात जलरोधक सीलंट भरावे. बोल्ट स्टेनलेसचा. लाकडी होडी असेल तर फळीत नव्हे, फासळीत पकड घ्यावी. ॲल्युमिनियम असेल तर स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घालावा, नाही तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आणि पत्र्याच्या होडीच्या बंद पोकळीवर किंवा डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंगची काडी लावूच नये. बंद ड्रम गरम झाला की काय होते, हे वेल्डरांना आम्ही सांगायला नको.

मग तपासणी. गिऱ्हाइकाचा महागडा रॉड घालून प्रयोग करू नये. बाजारातून नऊ फुटी वेळूची बारीक काठी आणावी, ती होल्डरमध्ये घालावी, होडी जमिनीवरच दोघांनी दोन्ही बाजूंनी हलवावी, होल्डरला अंगाचा भार देऊन ओढावे. काठी निसटली किंवा बोल्ट कुरकुरला तर पाण्यावर जाण्याआधीच कळते.

तपासणीची गोष्ट आम्ही इतकी लावून धरतो त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या याच फुलसावंगीत, कपाटे आणि कूलर बनविणाऱ्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर तयार केले होते. चाचणी चालू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते मोठ्या पंख्यावर आदळले आणि डोक्याला मार लागून त्या गुणी मुलाचा जीव गेला. सारा देश दोन दिवस हळहळला. त्याच्या हुनराला आम्ही सलामच करतो, दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण फिरणारी वस्तू तपासताना माणूस लांब कसा ठेवावा, जोड कुठे तुटू शकतो, हे सांगायला जाणता उस्ताद किंवा इंजिनिअर त्याच्या पाठीशी असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही. होडीचा होल्डर त्यापुढे क्षुल्लक आहे, हे आम्हाला कळते. तरीही खोल पाण्याच्या मधोमध बोल्ट उखडून भोक उघडे पडले, तर ते क्षुल्लक राहत नाही.

आमचे मित्र म्हणतात, शेठ, गावातले गिऱ्हाईक मापाचे पैसे देत नाही, घासाघीस करते. खरे आहे. पण हे गिऱ्हाईक गावातले नाही, आणि त्याच्या हातातला रॉड काही हजारांचा आहे. तयार होल्डर मोबाईलवरून मागवला तरी तो कोणत्या तरी दुसऱ्याच होडीच्या मापाचा येतो. शेवटी तो बसवायला माणूस लागतोच. म्हणजे विकत मिळत नाही ते नेमके आपल्याच हातात आहे, आणि तेच आपण फुकट देतो.

बिलात तीन ओळी वेगळ्या लिहाव्यात: माल, मजुरी, माप व तपासणी. तिसऱ्या ओळीत सुरुवातीला रक्कम लहान का असेना, पण ती कोरी सोडू नये. खाली किती बोल्ट कोठे बसविले तेही लिहावे, आणि एक हंगाम झाल्यावर होडी आणून ते पुन्हा आवळून घ्यावेत, असे गिऱ्हाइकाला सांगावे.