विश्लेषण : रासबेरी महाग, पेरू स्वस्त... पण तुमच्या ताटात कोणते फळ हवे?

'रोज मूठभर बेरी खा' असा सल्ला मोबाइलवर रोज मिळतो. मात्र फळाचा फायदा केवळ फळावर ठरत नाही. ते कोण खातो, किती खातो आणि कोणत्या रूपात खातो, यावर तो ठरतो. काही रुग्णांसाठी तर चुकीचे फळ जिवावर बेतू शकते.

मॉलच्या शीतकपाटात सव्वाशे ग्रॅम रासबेरीची डबी काही शे रुपयांना मिळते. त्याच मॉलच्या दाराबाहेर हातगाडीवर मीठ-तिखट लावलेला पेरू वीस-तीस रुपयांना मिळतो. आरोग्याची काळजी घेणारा माणूस हल्ली डबीकडे हात नेतो आणि गाडीकडे पाहतही नाही. कारण बेरी म्हणजे 'सुपरफूड' आणि पेरू म्हणजे सर्दी करणारे फळ, असे त्याच्या मनावर ठसले आहे.

दुसरीकडे घराघरांत दोन चुका होताना दिसतात. एका घरात मधुमेह झालेल्या वडिलांची सगळी फळे बंद केली जातात. दुसऱ्या घरात मूत्रपिंड निकामी होत आलेल्या आजीला 'ताकद यावी' म्हणून रोज शहाळे दिले जाते. दोन्ही ठिकाणी माया भरपूर आहे, माहिती मात्र अर्धी आहे.

रासबेरीत नेमके काय असते?

रासबेरी हे चांगले फळ आहे, यात शंका नाही. १०० ग्रॅम रासबेरीत सुमारे ५२ कॅलरी, साडेसहा ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि २६ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. साखर जेमतेम साडेचार ग्रॅम. इतकी कमी साखर आणि इतके तंतू एकत्र असणारी फळे फार नाहीत. तिचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. मँगनीजही तिच्यात चांगल्या प्रमाणात असते.

आता पेरू पाहू. १०० ग्रॅम पेरूत साधारण साडेपाच ग्रॅम तंतू आणि सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास 'क' जीवनसत्त्व असते. म्हणजे तंतूंत रासबेरी थोडी पुढे, तर 'क' जीवनसत्त्वात पेरू जवळपास नऊपट पुढे. प्रौढ व्यक्तीची 'क' जीवनसत्त्वाची दिवसाची गरज १०० मिलिग्रॅमच्या आतच असते. ती अर्ध्या पेरूतही भागते. आवळा तर या बाबतीत पेरूच्याही बरोबरीचा किंवा वरचढ. गडद जांभळ्या रंगाची अँथोसायनिन हवी असतील, तर जांभूळ आणि करवंद आहेतच. पालघरमधील बहाडोलीच्या जांभळाला आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाबळेश्वरला गेलात तर तिथल्या बाजारात रासबेरी आणि तुतीही मिळते. ती जरूर खावी. पण परदेशातून आलेली बेरी परवडत नाही म्हणून आपण आरोग्याला मुकतो आहोत, असे मानण्याचे काहीही कारण नाही.

'सुपरफूड' ही संज्ञा आली कुठून?

ही बाजाराची संज्ञा आहे, विज्ञानाची नव्हे. तिची शास्त्रीय व्याख्याच नाही. युरोपीय संघात २००७ पासून आरोग्यविषयक मान्यताप्राप्त दाव्याच्या आधाराशिवाय वेष्टनावर हा शब्द छापता येत नाही.

बेरींच्या प्रसिद्धीमागे 'अँटिऑक्सिडंट'चे गुणांकन होते. परीक्षानळीत कोणते फळ ऑक्सिडीकरण किती रोखते, यावरून फळांच्या याद्या केल्या जात आणि बेरी त्यात वर असत. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशी यादी प्रसिद्ध केली होती, पण २०१२ मध्ये ती संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतील आकड्यांचा माणसाच्या शरीरातील परिणामाशी थेट संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या जाहिरातींसाठी त्यांचा गैरवापर करतात, अशी कारणे तेव्हा देण्यात आली. ती यादी गेली, जाहिराती मात्र राहिल्या.

त्याच वर्षी अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमानंतर 'रासबेरी किटोन'च्या गोळ्यांची लाट आली. हा रासबेरीला वास देणारा घटक. एक किलो फळात तो फार तर काही मिलिग्रॅम असतो. गोळीत मात्र शेकडो मिलिग्रॅम घातला जातो आणि तो बहुधा कारखान्यात तयार झालेला असतो. या गोळीने माणसाचे वजन घटते, असा भरवशाचा पुरावा नाही. फळाचे नाव घेऊन रसायन विकण्याचा हा नमुना. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील लालभडक 'रासबेरी' निदान प्रामाणिक आहे. ते गोड सोड्याचे पेय आहे, हे पिणाऱ्यालाही ठाऊक असते!

मधुमेहींनी फळे खावीत की नाही?

हा प्रश्न आपल्याकडे कोट्यवधी घरांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातील अनेकांनी भीतीपोटी फळे सोडलेली असतात. बिस्किटे आणि चहातली साखर मात्र सुटलेली नसते.

अमेरिकेतील सुमारे १ लाख ८७ हजार आरोग्यसेवकांच्या दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ब्लूबेरी, द्राक्षे, सफरचंद अशी अख्खी फळे नियमित खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. फळांचा रस पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. चीनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या २०१७ मधील अभ्यासात आधीच मधुमेह असलेल्यांपैकी आठवड्यात तीनपेक्षा अधिक दिवस ताजी फळे खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका कमी दिसला. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. फळे खाणारी माणसे इतर बाबतींतही काळजी घेणारी असू शकतात. त्यामुळे 'फळांनी मधुमेह बरा होतो' असा अर्थ यातून काढता येत नाही. मात्र 'मधुमेह म्हणजे फळे बंद' या समजुतीला यात आधार नाही, एवढे नक्की.

नियम साधा आहे. एका वेळी एकच मध्यम फळ किंवा वाटीभर फोडी. भरपेट जेवणावर गोड म्हणून नको, दोन जेवणांच्या मध्ये हवे. पेरू, जांभूळ, पपई, सफरचंद, स्ट्रॉबेरी यांना प्राधान्य द्यावे. आंबा, चिकू, सीताफळ वर्ज्य नाहीत, पण तिथे फोडी मोजाव्यात आणि त्या दिवशी पोळी-भात तेवढा कमी करावा. जांभळाच्या बियांची पूड घेऊन औषध बंद करणे हा मात्र शुद्ध आत्मघात आहे.

रस काढला तर काय बिघडते?

ग्लासभर मोसंबीच्या रसाला तीन-चार मोसंबी लागतात. ती सोलून खायची तर पंधरा मिनिटे जातील आणि दोनांतच पोट भरेल. रस मात्र अर्ध्या मिनिटात संपतो. तंतू चोथ्यात जातात, साखर ग्लासात उरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळातील साखरेवर मर्यादा घालत नाही, पण रसातील साखर 'मुक्त साखर' म्हणून मोजते आणि ती दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. डबाबंद रसांवरील '१०० टक्के फळांचा रस' हा दावाही फसवा आहे. अनेकदा आटवलेल्या रसात पाणी घालून ते पेय बनवलेले असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये हा दावा वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून काढण्याचे आदेश दिले ते यामुळेच.

फळ धोकादायक कोणाला ठरू शकते?

सर्वांत आधी मूत्रपिंडाच्या रुग्णांना. निरोगी माणसासाठी पोटॅशियम गुणकारी असते. मूत्रपिंड थकले की ते रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. अनेकदा आधी काही लक्षणेही दिसत नाहीत. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, पेरूत त्याहून जास्त. शहाळ्याच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम. म्हणजे एका शहाळ्यातच सहा-सातशे मिलिग्रॅम. रासबेरी दीडशेच्या आसपास, सफरचंद त्याहूनही कमी. आतापर्यंत जिंकत आलेला पेरू इथे हरतो, तो असा. रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे सुरू असतील, तर पोटॅशियम आणखी वाढू शकते. अशा रुग्णांनी फळांची यादी डॉक्टरांकडूनच घ्यावी. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात, त्यांनी रासबेरीही बेताने खावी.

कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराचे स्टारफ्रूट, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अजिबात खाऊ नये. त्यातील कॅरँबॉक्सिन हे विषारी द्रव्य ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळे करून दाखवले. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके आणि मृत्यू, असा हा प्रवास होऊ शकतो. एखाद-दुसऱ्या फळानेही असे घडल्याच्या नोंदी आहेत.

दुसरा गट विशिष्ट औषधे घेणाऱ्यांचा. १९८९ मध्ये कॅनडातील संशोधक रक्तदाबाच्या एका औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढलेली दिसली. या फळातील घटक आतड्यातील एक विकर निकामी करतात. परिणामी औषध शरीरात जास्त प्रमाणात शिरते. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे कोणी खात नाही, पण त्याचे पूर्वज असलेले पपनस खातात आणि त्यातही हे घटक असतात. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन आणि प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी पपनसाबाबत डॉक्टरांना विचारावे. संत्री-मोसंबीबाबत सहसा ही अडचण नसते.

तिसरा गट उपाशी मुलांचा. बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये २०१४ च्या उन्हाळ्यात मेंदूविकाराच्या लक्षणांनी दोन रुग्णालयांत ३९० रुग्ण दाखल झाले. त्यातील १२२ दगावले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लिचीतील नैसर्गिक विषद्रव्ये आणि रात्रीचे जेवण न होणे यांचा संबंध आढळला. रात्रभर उपाशी राहिलेल्या मुलाची रक्तशर्करा आधीच उतरलेली असते. लिचीतील द्रव्ये शरीराला नवी साखर तयार करू देत नाहीत. पोटभर जेवलेल्या मुलाने खाल्लेली लिची सहसा बाधत नाही. दोष फळाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भुकेचा होता.

धुणे आणि पिकवणे याचे काय?

रासबेरी मऊ आणि खाचाखोचांची असल्याने घासून धुता येत नाही. १९९६ आणि १९९७ मध्ये ग्वाटेमालाहून अमेरिकेत गेलेल्या रासबेरींमुळे सायक्लोस्पोरा या परजीवीच्या अतिसाराची साथ पसरली होती. बेरी खाण्याआधीच, वाहत्या पाण्यात धुवावी. धुऊन ठेवली तर बुरशी लवकर येते. गोठवलेल्या बेरींतून काविळीचे विषाणू पसरल्याचीही उदाहरणे आहेत. गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्या शिजवून खाव्यात.

आंबा-केळी कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यास देशात बंदी आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने ठरावीक मर्यादेत पिकवणे मात्र कायदेशीर आहे. हंगामाआधीच बाजारात आलेला, बाहेरून एकसारखा पिवळा आणि आतून कच्चा आंबा टाळलेला बरा.

मग करायचे काय?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाच्या नमुन्यात दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे आहेत. म्हणजे एक मध्यम फळ. भाज्या त्याच्या चौपट. एवढे साधायला आयात केलेली डबी लागत नाही. हंगामात जे गाडीवर स्वस्त आणि मुबलक असेल, ते आलटून-पालटून खावे.

पण सगळी जबाबदारी ग्राहकावर टाकून भागणार नाही. 'फळे खा' हा सल्ला अपुरा आहे. डायलिसिस केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीत छापलेली, चित्रांसह फळांची यादी असायला हवी. त्यात कमरखावर ठळक फुली हवी. ज्या औषधांना ग्रेपफ्रूट चालत नाही, त्यांच्या वेष्टनावर स्थानिक भाषेत इशारा हवा आणि त्यात पपनसाचेही नाव हवे. यासाठी नवे संशोधन लागत नाही, एक पान कागद लागतो.

फळ हे अन्न आहे. त्याला औषध केले की ते महाग होते आणि त्याच्याबद्दल अवास्तव अपेक्षा वाढतात. त्याला विष ठरवले की लाखो मधुमेही एका साध्या आनंदाला मुकतात. घरी पुढच्या वेळी फळ कापताना ते कोणासाठी कापतो आहोत, एवढे विचारले तरी पुरेसे आहे. वडिलांना मधुमेह असेल तर अर्धा पेरू द्यावा. आजीचे मूत्रपिंड थकले असेल, तर शहाळे बाजूला ठेवून आधी तिच्या डॉक्टरांना फोन करावा.